क्लोज्ड-बॅक हेडफोन, बजेट पंधरा हजार, काम एकच: गाणं ऐकणे

गंगथडीकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. पाच-सहा वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मुक्काम परभणी. घर जुन्या वस्तीत, शेजारी पिठाची गिरणी, समोर पंक्चरवाला, आणि घरात आम्ही आठ माणसं. माझी गाणं ऐकायची वेळ जेवणं झाल्यावर, साडेनऊ ते अकरा. स्पीकर लावला की पोरांचा अभ्यास मोडतो आणि आईची मालिकाही. सध्या दीड हजाराचे ब्लूटूथ इअरबड आहेत. त्यांत सगळं ऐकू येतं पण काहीच वाजत नाही. तंबोरा म्हणजे डासांची भुणभुण, डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर टिचकी.

आता वायरचे, अख्खा कान झाकणारे, क्लोज्ड-बॅक घ्यायचेत. ओपन-बॅक नकोत, कारण त्यात बाहेरचं आत येतं नि आतलं बाहेर जातं. गिरणी रात्री दहापर्यंत चालते. बजेट १५ हजार, फार तर दीड-दोन वर ताणता येईल. सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे.

यादी चार नावांवर आणलीय: ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, सोनी एमडीआर-७५०६ आणि एकेजी के३७१. ऐकतो ते म्हणजे ख्याल, अभंग, आमच्या इकडच्या भजनी मंडळांची मोबाइलवर केलेली रेकॉर्डिंग, जुनी हिंदी गाणी, थोडा रहमान. मला मिक्सिंग करायचं नाही, कुणाच्या चुका शोधायच्या नाहीत. ऐकताना मजा यावी, बास.

चष्मा लावतो. हे सांगायची गरज होती का माहीत नाही, पण सांगून ठेवतो.

तिसरी_पाळी

एम५०एक्स घ्या आणि विषय संपवा. वाळूजला रात्रपाळी असते, सकाळी घरी आल्यावर झोपेआधी तासभर हाच कानावर. ४५ मिमीचा ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर), ३८ ओहम, मोबाइलवर आरामात वाजतो. केबल निघते, कप दुमडतात, पिशवीत जातो. ढोलकी अशी लागते की आपोआप मान हलते.

जवारी

मान हलते हे मान्य. पण धागाकर्ते ख्याल म्हणतायत, आणि तिथं मान वेगळ्या कारणानं हलते.

थोडं लांबण लावतो. मी संभाजीनगरला, बारा-तेरा वर्षं तबला शिकलोय, वाजवण्यापेक्षा ऐकण्यात जास्त रमतो. या यादीतले तीन माझ्याकडे आहेत (घरी बोलू नका), चौथा मित्राकडं भरपूर ऐकलाय.

एम५०एक्सचा आवाज खालून आणि वरून उचललेला आहे, मधला पट्टा किंचित मागं. लावणी, चित्रपटगीत, रहमान, सगळं टवटवीत लागतं. आता डग्गा घ्या. वादक मनगटाचा गादीकडचा भाग पुडीवर (वरच्या चामड्यावर) सरकवतो आणि 'घे'चा स्वर वर चढत जातो. डग्ग्याचा जीव तिथंच आहे. खालचा पट्टा फुगवलेला असला की 'घे' दणक्यात येतो, पण चढताना कळत नाही. पोट भरतं, चव लागत नाही.

दुसरी गोष्ट दायाँची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची. साधं चामडं ताणलेलं असेल तर त्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून डफावर सूर लावता येत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईमुळं (मधल्या काळ्या लेपामुळं) ते जुळतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलं होतं. हे जुळलेले वरचे स्वर बहुतांशी मधल्या पट्ट्यात येतात. हेडफोननं नेमका तोच पट्टा मागं ढकलला तर 'ना' वाजतो, गात नाही.

डीटी ७७० खाली भरदार, मधे थोडा मागं आणि वर ८-९ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा. तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार) यात अशी चमकते की अंगावर काटा येतो. पण भजनात टाळ असतात. दहा माणसं टाळ घेऊन बसली की याच उंचवट्यावर सगळा भार येतो, आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं.

७५०६ हे १९९१ पासूनचं स्टुडिओतलं जनावर. वजन २३० ग्रॅमच्या आसपास, सगळं स्वच्छ दाखवतो, थोडा तिखट. बाजाची (पेटीची) पट्टी यात टोकदार वाटते.

के३७१ यांत सगळ्यात सरळ. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो लोकांना ऐकवून, बहुतेकांना कुठला आवाज आवडतो याचा एक आलेख काढला. के३७१ त्या आलेखाच्या फार जवळ जातो. पहिल्यांदा ऐकताना 'यात काय विशेष' वाटतं. तिसऱ्या दिवशी दुसरं काही नको वाटतं. माझं मत के३७१ ला.

काळी_माती

तुम्ही लोक काय करलालाव हे! माणसाला हेडफोन पाह्यजे, तुम्ही रामनसाहेबांना बोलावलं. आमच्या लातुरात क्लासची पोरं तीनशेच्या इअरफोनवर अख्खी बारावी काढतात.

(हलके घ्या. वाचनखूण साठवली आहे.)

नांदेडकर_७

७५०६ बद्दल 'तिखट' हा शब्द बरोबर आहे, पण तिखट सगळ्यांनाच नको असतं असं नाही. मी हुजूर साहिबमधलं कीर्तन ऐकत वाढलो. रागी जत्थ्यात (कीर्तन गाणाऱ्या चमूत) दोन बाजे, एक तबला, आणि शब्द कळणं सगळ्यात महत्त्वाचं. ७५०६ वर एकही अक्षर गिळलं जात नाही. पिळाची केबल मात्र मानेला ओढ देते, मोबाइल खिशात ठेवून फिरायला उपयोग नाही.

सल्ला एकच, कुठलाही घ्या, पॅड बाजारात सुटे मिळतात की नाही ते आधी बघा. आपल्याकडचा घाम आणि रेक्झिन यांचं जमत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत काळे पापुद्रे सुटायला लागतात आणि कानामागं चिकटतात. सासरवाडीला गेलो होतो तेव्हा मेहुण्यानं विचारलं, दाजी, कानाला काय झालंय?

आंबेजोगाईची

नांदेडकर, खुर्चीवरून पडले वाचून.

दोन मुद्दे पुरुषमंडळी विसरतात म्हणून लिहिते. पहिला, कानातलं. कुडी किंवा टॉप्स घालून घट्ट हेडफोन लावला की दहा मिनिटांत पाळी लाल होते. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज छान अडवतो (कंपनी ३२ डेसिबलपर्यंत म्हणते), पण त्याची पकड म्हणजे सांडशी. मैत्रिणीचा अर्धा तास लावला, पुन्हा मागितला नाही.

दुसरा, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२ च्या वर जातो. रेक्झिनचे पॅड लावून विलंबित ऐकत बसा, द्रुत येईपर्यंत कानात विहीर होते. डीटी ७७० च्या बहुतेक प्रकारांना मखमली पॅड येतात, त्यातून हवा खेळते. घाम येतो पण चिकटत नाही. टाळ टोचतात हे जवारींचं म्हणणं खरंय, पण टाळांचा बंदोबस्त करता येतो, उन्हाचा नाही.

आणि आवाज मोठा ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. गिरणीवर मात करायला म्हणून आवाज वाढवत गेलात तर कानच जातील.

खाम_नदी

मला कळत नाही, याच पैशात चांगला नॉइज कॅन्सलिंगचा ब्लूटूथ येतो, मग वायरच्या मागं का लागायचं? गिरणीची मोटर म्हणजे एकसारखी घरघर. नॉइज कॅन्सलिंग नेमकं त्यावरच सगळ्यात भारी काम करतं. तुमचे बंद कप पोरांची किलबिल अडवतील, कुकरची शिट्टी कमी करतील, पण खालच्या पट्टीतली घरघर त्यातून सरळ आत येते.

जवारी

खाम_नदी, हे मात्र बिनतोड आहे. गिरणी हाच मुख्य शत्रू असेल तर तुमचंच खरं.

गंगथडीकर (धागाकर्ता)

गिरणी दहाला बंद होते हो. साडेनऊ ते दहा बातम्या बघेन. इअरबडची बॅटरी पावणेदोन वर्षांत मेली तेव्हाच ठरवलं, आता बॅटरीवालं काही नको. वायर तुटली तर सोल्डर मारता येते.

बाकी सगळ्यांचे आभार. डीटी ७७० मध्ये ३२, ८० आणि २५० ओहम असे तीन दिसतायत. किंमत जवळपास सारखीच. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला का?

बालाघाटी

नाही. हा गैरसमज सगळीकडं आहे. ओहम म्हणजे तुमच्या मशीनला किती जोर लावावा लागेल त्याचा अंदाज. दर्जाचा शिक्का नव्हे.

हिशेब बघा. मोबाइलच्या यूएसबी-सी तोंडाला लावायचा ॲपलचा छोटा डोंगल साधारण १ व्होल्ट देतो (युरोपात विकला जाणारा अर्धाच देतो). व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे ताकद. ३२ ओहमला ३१ मिलिवॅट, ८० ला साडेबारा, २५० ला फक्त ४. डीटी ७७० एका मिलिवॅटला ९६ डेसिबल देतो असं धरलं तर २५० वाला कमाल १०२ पर्यंत जातो आणि ८० वाला १०७. १०२ ऐकायला पुष्कळ वाटतं, पण ती शिखराची उंची झाली. जुन्या ख्यालाचं रेकॉर्डिंग मुळातच हळू आवाजाचं असतं, आलाप शिखराच्या वीस-पंचवीस डेसिबल खाली चालतो. तिथं २५० वाला दम टाकतो. त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, म्हणजे अजून खर्च.

मोबाइलला थेट जोडायचा असेल तर ३२. डोंगल घेणार असाल तर ८० चालेल. एक धोका सांगून ठेवतो, ॲपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर मुळातच कमी आवाजात अडकतो. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा घ्या आणि आपल्या फोनला लावून बघूनच पैसे द्या.

अजून एक. ३२ ची केबल १.६ मीटर, ८० ची ३ मीटर सरळ, २५० ची पिळाची. आणि तिन्हींत केबल निघत नाही. २०२४ साली कंपनीच्या शंभरीला ४८ ओहमचा, निघणाऱ्या केबलचा एक डीटी ७७० प्रो एक्स काढला होता. तो बजेटात मिळाला तर ओहमचा सगळा घोळच मिटतो.

अवांतर: ब्लूटूथवाल्यांना चिडवायला म्हणून नाही, पण सीडीला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात आणि एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज न्यायची सोनीची पद्धत) सगळ्यात जोरात असताना ९९० नेतो. आता हा फरक तुम्हाला ऐकू येतो का हे विचारू नका. मलाही डोळे झाकून ओळखता आलेला नाही.

तिसरी_पाळी

एम५०एक्सला यातलं काही लागत नाही. भोकात घाला, वाजवा.

काळी_माती

तिसरी पाळीवाले, तुमच्या फोनला अजून भोक आहे? नशीबवान गडी.

गंगथडीकर (धागाकर्ता)

धागा वर काढतोय. वीसेक दिवस गेले मधे.

लग्नासाठी संभाजीनगरला गेलो होतो. जवारींना व्यक्तिगत निरोप केला, त्यांनी घरी बोलावलं. दुकानात ऐकायला मिळेल ही आशा सोडली होतीच. एका दुकानदारानं 'सील फोडलं की घ्यावं लागेल' म्हणून हात जोडले होते. जवारींकडं तीन तास बसलो. वहिनींनी दोनदा चहा दिला आणि एकदा असं बघितलं की आता उठावं.

पद्धत अशी ठेवली की रेकॉर्डिंग माझीच, तीन. एक भीमसेनजींचं अभंगगायन, एक विलंबित ख्याल आणि एक आमच्या वेशीजवळच्या मारुतीच्या मंदिरातलं भजन, मीच मोबाइलवर धरलेलं. आवाज तिन्ही हेडफोनांवर कानानंच सारखा केला. मोठा वाजणारा हेडफोन नेहमी जास्त चांगला वाटतो, म्हणून जवारी त्यावर अडून बसले होते.

आधी के३७१ लावला. जवारींनी एवढी तारीफ केलेली, आणि मला वाटलं हे काय! आवाज पातळ. डग्गा गायब. पखवाजाची धूम, जिला कणीक लावून भरीव करतात, ती रिकाम्या डब्यासारखी. मी तोंडावर काही बोललो नाही, पण जवारींना कळलं. त्यांनी विचारलं, 'चष्मा काढून बघा बरं.'

चष्मा काढला आणि डग्गा खोलीत आला. शब्दशः.

माझ्या चष्म्याच्या काड्या जाड प्लॅस्टिकच्या आहेत. पॅड आणि डोकं यांच्यामधे त्या फट ठेवत होत्या. जवारींनी समजावलं ते असं: बंद कपात खालचे स्वर हवेच्या दाबावर उभे असतात, फट पडली की दाब पळतो आणि आधी तेच स्वर जातात. वरचं तसंच राहतं, म्हणून आवाज 'स्पष्ट पण पातळ' वाटतो. ओळखायची युक्ती सोपी: हेडफोन लावून दोन्ही तळहातांनी कप हलके दाबायचे. दाबल्यावर खालचा आवाज वाढला तर फट आहे.

मग तिन्हींवर चष्म्यासकट हा प्रयोग केला. के३७१ वर सगळ्यात जास्त फरक, एम५०एक्सवर त्याहून कमी, आणि डीटी ७७० वर अगदी थोडा. मखमली पॅड मऊ नि खोल असल्यामुळं काडी त्यात रुतून बसते. ७५०६ ऐकायचा राहिला, तो त्या मित्राकडं होता.

चष्मा काढून ऐकलं तर तिघांत के३७१ लाच माझा कौल गेला असता, हे प्रामाणिकपणे सांगतो. विलंबितात आवाज गायकाच्या छातीतून येतोय असं त्यातच वाटलं. पण मी रात्री ऐकताना मांडीवर वही घेऊन हिशेब लिहितो. चष्म्याशिवाय मला सात आणि एक सारखेच दिसतात.

आंबेजोगाईची

बघा! आणि तुम्ही म्हणत होतात चष्म्याचं सांगायची गरज आहे का म्हणून.

माझीही कबुली. मी वर्षभर माझ्या हेडफोनला 'बेस नाही' म्हणून नावं ठेवत होते. आत्ता दाबून बघितला. कानामागची वेणी पॅडखाली येत होती.

बालाघाटी

या धाग्याचं नाव बदलून 'चष्मा आणि डग्गा' ठेवा. पातळ धातूच्या काड्यांचा चष्मा करून घेणं हा पण एक इलाज आहे, आणि तो हेडफोन बदलण्यापेक्षा स्वस्त पडेल. मग के३७१ खुशाल घ्या.

खाम_नदी

चष्म्याच्या दुकानात जाऊन सांगायचं कसं? 'काड्या पातळ द्या, डग्गा ऐकू येत नाही'?

गंगथडीकर (धागाकर्ता)

घेतला. डीटी ७७० प्रो, ८० ओहम, सोबत एक डोंगल (फोनला लावून बघूनच घेतला, बालाघाटींची आज्ञा). दोन्ही मिळून बजेटच्या किती वर गेलो ते घरी वेगळंच सांगितलंय, म्हणून इथंही लिहीत नाही.

टाळांबद्दल जवारी म्हणाले ते तंतोतंत खरं निघालं. पहिल्या रात्री भजनाचं रेकॉर्डिंग वीस मिनिटांत बंद केलं. मग त्यांनीच फोनवर सांगितलं, अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, त्यात बऱ्याच हेडफोनांच्या तयार दुरुस्त्या आहेत. ती पूर्ण लावली तर सगळंच जरा बेचव वाटलं. म्हणून मी हातानंच ८-९ हजार हर्ट्झच्या पट्टीला चार डेसिबल खाली आणलं आणि बाकी काही हलवलं नाही. टाळ आता टाळ आहेत, सुया नाहीत. तंबोऱ्याची चमक थोडी उतरली हे कबूल. ख्याल ऐकताना ती दुरुस्ती बंद करतो.

३ मीटरची केबल हा मात्र प्रकार आहे. खाटेपासून देव्हाऱ्यापर्यंत जाते. पहिल्याच दिवशी धाकटी तीत अडकली. आता अर्ध्याहून जास्त गुंडाळून कडब्याच्या पेंढीसारखी बांधून ठेवलीय.

काल रात्रीची गंमत सांगतो. अकरा वाजले होते, घर झोपलेलं. मारुतीच्या मंदिरातलं ते भजन लावलं. तिसऱ्या अभंगात पखवाजवाला हात थांबवून पाण्याचा हात कणकेवर फिरवतो, तो ओला आवाज आला. दहा-बारा वेळा ऐकलेलं रेकॉर्डिंग, हे कधी कळलं नव्हतं. मग वीणेकरी खोकला. आणि त्याच्या मागं एक घरघर. मला वाटलं आज गिरणी अजून चालू कशी, कुणाच्या घरी लग्न आहे का. हेडफोन काढला, बाहेर येऊन बघितलं. गिरणीला कुलूप. सामसूम.

पुन्हा लावला. घरघर चालूच. रेकॉर्डिंगमधेच होती.

काळी_माती

घ्या! आता रेकॉर्डिंगातली गिरणी बंद करणारा हेडफोन शोधा. नवा धागा काढा, याचे प्रतिसाद लई झाले.

तिसरी_पाळी

एम५०एक्सवर गिरणी पण ठेक्यात वाजते.